लाडू भीमाचे, पोट कालियाचं

मुलांच्या कार्टूनमध्ये जाड मूल कोण असतं? पाचवी-सहावीच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा, हात भराभर वर होतात. ‘डोरेमॉन’मधला जियान, जो दमदाटी करतो आणि भसाड्या आवाजात गातो. ‘छोटा भीम’मधला कालिया, जो भीमावर जळतो. ‘मोटू पतलू’मधला मोटू, ज्याला समोसा दिसला की दुसरं काही दिसत नाही. एक गुंड, एक मत्सरी, एक खादाड. ढोलकपूरमध्ये लाडू विकणाऱ्या बाईंचं नाव टुनटुन मौसी आहे. हिंदी सिनेमात जाडेपणावर हसवण्यासाठी जिला पडद्यावर आणत, त्या टुनटुनचंच हे नाव. आजच्या मुलांनी ती नटी कधी पाहिलेली नाही, विनोद मात्र त्यांच्यापर्यंत व्यवस्थित पोचला आहे. भीम लाडू खातो तेव्हा त्याच्या दंडात बळ येतं, कालिया खातो तेव्हा त्याचं पोट सुटतं. लाडू एकाच परातीतले.

मुलींच्या वाट्याला याहून वाईट येतं. डोरेमॉनच्या मूळ कथेत तो भविष्यातून येतो, ते नोबिताचं बिघडलेलं पुढचं आयुष्य सावरायला. त्या बिघडलेल्या आयुष्यात कर्ज आहे आणि जियानच्या बहिणीशी, जायकोशी झालेलं लग्नही आहे. ते टळून शिझुकाशी व्हावं, अशी सगळी खटपट. पुढच्या गोष्टींत ही जायको मन लावून चित्रकथा काढणारी गुणी मुलगी म्हणून दिसते. तरी हिशेब बदलत नाही: जाड मुलगी ही शिक्षा, बारीक मुलगी हे बक्षीस. डिस्नेकडे पाहिलं तर १९३७ च्या हिमगौरीपासून आरसाच निकाल देत आला आहे. १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’मध्ये एरियलची कंबर तिच्या मानेपेक्षा फारशी रुंद नाही, आणि लठ्ठ अर्सुला खलनायिका आहे. आठ वर्षांच्या मुलीला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. चित्र हे शिकवण्याचं फार जलद साधन आहे. आयुष्यभर चित्रकला शिकवल्यामुळे एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

पुढच्या प्रकरणांत एकेक चित्रपट आणि मालिका घेऊन, त्या मुलांबरोबर कशा पाहाव्यात, पाहताना काय विचारावं, याची चर्चा आहे. शिक्षक आणि पालक हे या पुस्तकाचे वाचक. प्रस्तावनेचं काम वेगळं आहे. हा विषय मुंबई-पुण्यातल्या समुपदेशकांचा, आपल्या सातारा-सांगलीकडे कशाला, अशी शंका मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. ‘आमच्या पोरांना असलं काही होत नाही, ती मातीत खेळतात,’ असं एका मुख्याध्यापकांनी मला हसत सांगितलं. माती आहे, कबूल. पण कराडच्या किंवा तासगावच्या मुलाला हिंदी येते ती पाठ्यपुस्तकाच्या आधी कार्टूनमधून येते, आणि भाषा जिथून येते तिथून बाकीचंही येतं.

आणखी एक गोष्ट मान्य करून पुढे जाऊ. आपल्याकडे मुलाच्या अंगावर बोलायला कुणाला परवानगी लागत नाही. पाहुणे उंबरा ओलांडतात तोच सुरुवात होते. ‘काय गं, वाळलीस किती! आई जेवायला घालत न्हाई व्हय?’ ‘ह्यानं चांगलं अंग धरलंय.’ ‘थोरली उजळ हाय, धाकटी बापावर गेली.’ यातलं काही दुष्टपणानं बोललं जात नाही, आणि म्हणूनच ते अडवता येत नाही. सांगली ही हळदीची पेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या हळदीचा मोठा भाग मसाल्यात जातो हे खरं, पण घराघरांत सावळ्या मुलीच्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय लावून तीच हळद चोळली जाते, आणि का चोळली जाते हे मुलीला चांगलं ठाऊक असतं. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध मलमानं २०२० साली नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. घरच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

जाडी-बारकीचा हिशेब आपल्या भागात आणखी गुंतागुंतीचा आहे. या दोन जिल्ह्यांत पावसाच्या दोन दुनिया आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत ही दुष्काळी बाजू. कराड, वाळवा, पलूस ही कृष्णाकाठची उसाची बाजू. दुष्काळी पट्ट्यात बारीक असणं म्हणजे घरात नसणं. तिथल्या आजीला नातवाच्या गालाचं बाळसं हे सुबत्तेचं लक्षण वाटतं, आणि तिचं चुकत नाही. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं फडाच्या कडेला खोपीत राहतात. त्यांच्या काटकुळ्या हातापायांत कसली फॅशन नाही. त्याच फडापासून दोन मैलांवरच्या बंगल्यातली मुलगी मात्र राजकुमारीसारखी कंबर हवी म्हणून रात्रीची भाकरी टाळते. एकाच तालुक्यात, एकाच शाळेत ही दोन्ही मुलं शेजारी बसतात. म्हणून परदेशी पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा उचलून इथे चालत नाही.

संशोधन काय सांगतं, तेही बघू. मात्र त्यावर फार भार टाकू नये असं माझं मत आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या हेज आणि टॅंटलिफ-डन या दोन संशोधक बाईंनी २०१० साली तीन ते सहा वर्षांच्या १२१ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या मुलींना आपण जाड होऊ अशी काळजी वाटत होती. तीन ते सहा वर्षांच्या! पण याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष लोक सांगत नाहीत: सुंदर राजकन्यांची दृश्यं दाखवल्यानंतर लगेच त्या मुलींच्या वागण्या-बोलण्यात फरक पडला नाही. युटामधल्या सारा कॉइन यांनी २०१६ मध्ये राजकन्यांच्या खेळात रमलेल्या लहान मुली ठरावीक ‘मुलींसारख्या’ वागण्याकडे झुकतात असं दाखवलं. त्याच मुलांना त्यांनी पुढे दहा-अकराव्या वर्षी पुन्हा गाठलं, तेव्हा २०२१ च्या निबंधात चित्र उलटं निघालं. लहानपणी राजकन्यांत रमलेल्या मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल उलट बरंच वाटत होतं. म्हणजे ‘कार्टून पाहिलं आणि मूल बिघडलं’ इतकं हे सरळ नाही. टीव्ही बंद करून प्रश्न मिटणार असता, तर हे पुस्तक लिहायची गरज नव्हती.

मला जास्त विचार करायला लावला तो फिजीच्या अभ्यासानं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. फिजीच्या समाजात भरल्या अंगाचं कौतुक होतं. अंग उतरलं तर घरच्यांना काळजी वाटायची, अगदी आपल्या माणदेशातल्या आजीसारखी. तीन वर्षांत मुली वजन कमी करण्याची भाषा बोलू लागल्या, खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकणंही आढळलं. तो टीव्ही कार्टूनचा नव्हता, मोठ्यांच्या मालिकांचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी त्यातून एक दिसतं. जिथे अंगाचं माप पूर्वीपासून वेगळं होतं, तिथेही पडद्यानं नवं माप आणलं, आणि जुनं माप त्याला अडवू शकलं नाही.

चित्रकाराच्या बाजूनंही हे पाहायला हवं, नाहीतर आपण उगाच कुणालातरी खलनायक ठरवून मोकळे होऊ. अॅनिमेशनमधलं पात्र पडद्यावर क्षणभर दिसलं तरी ओळखू यायला हवं. म्हणून ते आधी काळ्या सावलीत काढून बघतात: नुसत्या बाह्याकारावरून कोण ते कळतंय का? गोल आकार मऊ, निरुपद्रवी वाटतो. चौकोनी आकार घट्ट, भरवशाचा. टोकदार त्रिकोण धोक्याचा. हे शिकवताना मी स्वतः मुलांना हेच सांगत आले आहे आणि त्यात खोटं काही नाही. अडचण तिथून पुढे होते. गोल म्हणजे भोळा-खादाड, चौकोन म्हणजे मठ्ठ पहारेकरी, बारीक म्हणजे नायिका, असं एकदा ठरलं की चित्रकाराची सोय हाच मुलाचा स्वभावशास्त्राचा धडा होतो. शिवाय खेळणी विकायची असतात. २०१२ च्या ‘ब्रेव्ह’मधली मेरिडा गोल चेहऱ्याची, विस्कटलेल्या केसांची, धनुष्य चालवणारी मुलगी होती. २०१३ मध्ये डिस्नेनं तिला राजकन्यांच्या अधिकृत मेळ्यात घेताना नव्यानं काढलं: कंबर बारीक, गळा खोल, धनुष्य गायब. चित्रपटाच्या दिग्दर्शक ब्रेंडा चॅपमन यांनी उघड निषेध केला, दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. चित्रपटात मुलगी एक, दप्तरावर दुसरी. आपल्याकडे चित्रपट पाहिलेली मुलं थोडी, दप्तर घेतलेली पुष्कळ, म्हणून ही गोष्ट आपल्याही कामाची.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसथांबा, विहिरीवरच्या बायका असे विषय. मुलांनी डोळ्यांसमोर आहे ते आठवून काढायचं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत या चित्रांतली माणसं ओबडधोबड असत, पण ती बाजारातली असत. भाजीवाली जाड, तिचा नवरा वाळका, म्हाताऱ्याला पोक. पुढेपुढे त्या बाजारात मोठ्या डोळ्यांची, हनुवटी निमुळती झालेली, लांब पायांची माणसं येऊ लागली. मिरजेच्या बाजाराचं चित्र आणि त्यात एकही बाई पन्नाशीची दिसत नाही! हात सफाईदार झाला होता, यात शंका नाही. मार्क देताना मला मात्र पेच पडायचा.

सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलून चालणार नाही. चांगलं-वाईट अंगावरून ओळखायची सवय आपल्या मातीतही जुनी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. त्या नाटकांतले राक्षस रंगवलेल्या तोंडांनी आरोळ्या ठोकत रंगभूमीवर येत. त्या आरोळीवरूनच अशा नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ नाटकं म्हणू लागले. प्रेक्षकांना राक्षसच जास्त आवडत असावेत, हा माझा आपला तर्क. चलच्चित्रात दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात अंगच नव्हतं, नुसत्या काड्या होत्या, आणि तरी मौज होती. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात फिल्म कंपनीनं पुण्याला गेल्यावर ‘जंबूकाका’ हे कार्टून काढलं, त्याचा नायक कोल्हा. म्हणजे आपल्या अॅनिमेशनची सुरुवात काडी आणि कोल्ह्यापासून झाली. माणसाची आदर्श शरीरं नंतर आली, आणि आली ती थेट देवांच्या रूपात. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ २००५ चा. त्यानंतर २००७ मध्ये ‘बाल गणेश’ आला. बाल हनुमान गोंडस, गोबऱ्या गालांचा. तो मोठा होतो तेव्हा छाती रुंद आणि पोटावर पिळदार चौकटी. मधलं वय, ज्यात आपली मुलं असतात, ते पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही.

‘मोआना’त २०१६ साली पॉलिनेशियन लोकांचा वीर माउई अवाढव्य, ढेरपोट्या काढला, तेव्हा न्यूझीलंडच्या एका खासदार बाईंनी जाहीर हरकत घेतली. आमच्या वीराला हे लोक लठ्ठ का दाखवतात, हा त्यांचा सवाल. त्यावर तिकडे भरपूर वाद झाला, कुणी म्हणालं तो तगडा आहे, लठ्ठ नव्हे. वाद कुणी जिंकला हे महत्त्वाचं नाही. आपला देव कुणी कसा काढला याकडे तिथले लोक डोळे उघडे ठेवून बघत होते. आपल्याकडे निळा कृष्ण आणि चौकटीदार पोटाचा मारुती पडद्यावर आला, तेव्हा असा प्रश्न मला फारसा ऐकू आला नाही. आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तिच्या मागे लाखो माणसं काळ्या विठोबाला भेटायला चालतात. वाईत कृष्णेच्या घाटावर रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळात ढोल्या गणपती बसला आहे. शाळेत ज्या शब्दानं मूल रडत घरी येतं, त्या शब्दानं वाईकर आपल्या देवाला लाडानं हाक मारतात. काळं अंग आणि मोठं पोट यांचं प्रेम आपल्याला नवीन शिकायचं नाही.

या भागात अंगाचा विचार आणि चित्राचा विचार एकाच माणसानं केल्याचं उदाहरणही आहे, आणि ते फार विसरलं गेलं आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांच्या छोट्या संस्थानातली बरीच गावं आज आपल्या दोन जिल्ह्यांत वाटली गेली आहेत: औंध साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. पंतांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार आयुष्यभर केला, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली. हाच राजा उत्तम चित्रकार होता. त्यानं रामायणाची चित्रं स्वतः काढून प्रसिद्ध केली. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यानं उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पही. त्या शिल्पातल्या आईचं अंग कुठल्याच राजकन्येचं नाही. ते ठसठशीत, जड, बसकं आहे. मुलांची सहल औंधला नेली तर रविवर्म्याच्या नायिकेसमोर आणि मूरच्या आईसमोर त्यांना पाच-पाच मिनिटं उभं करावं, आणि काही बोलू नये. पंतांच्या व्यायामसक्तीविषयी मात्र मी थोडी सावध आहे. अंग कमवणं हे कर्तव्य झालं की ज्याला ते जमत नाही तो आळशी ठरतो, आणि अपंग मुलाला त्या रांगेत जागाच उरत नाही. तरी एक गोष्ट पंतांच्या बाजूनं आहे. त्यांचा प्रश्न ‘अंग कसं दिसतं’ हा नव्हता, ‘अंग काय करतं’ हा होता.

याच प्रश्नावर आपल्या भागाकडे सांगण्यासारखं खूप आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी बॅंटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाची मर्यादा ५७ किलो. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते ५२ किलोच्या गटात उतरले आणि सहावे आले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांची अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घ्यायला नकार दिला आणि प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली, ही हकीकत कुस्तीप्रेमी अजून सांगतात. कुस्तीचा हा मुलूख, तालमी गावोगाव, आणि इथेच खाशाबांना किरकोळ अंगाचं म्हणून बाजूला काढलं जातं. म्हणजे तालमीची नजरही चुकते. मात्र तालमीत चूक दुरुस्त करायची सोय आहे: लाल मातीत उतरायचं आणि जोड मागायची. पडद्यावरच्या जियानला ती सोय नाही.

आपल्या मुलग्यांना हल्ली जी छाती हवी असते, ती पैलवानाची नव्हेच. व्यायामशाळेतल्या आरशासमोर जी मुलं उभी असतात त्यांना सुपरहिरोचं शरीर हवं असतं: रुंद खांदे, मूठभर कंबर, पोटावर आखलेल्या चौकटी. पुनवतचे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने, हे हिंदकेसरी जुन्या छायाचित्रांत पाहावेत. जाड मान, भक्कम कंबर, मोडलेले कान. पोटावर चौकटी शोधून सापडणार नाहीत. वस्तादाला त्या लागतही नव्हत्या.

छत्रपती शिवाजी महाराजांचंच घ्या. सुरतेवरच्या १६६४ च्या स्वारीच्या वेळी तिथल्या इंग्रज वखारीच्या पाद्र्यानं, एस्कॅलियटनं, महाराजांना पाहिलेल्यांकडून ऐकून त्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. उंची बेताची, बांधा सरळ आणि प्रमाणबद्ध, अंग चपळ, बोलताना चेहरा हसरा, नजर तीक्ष्ण. रंगानं उजळ असंही तो म्हणतो, तेही लपवायला नको. आता गावच्या चौकातला जयंतीचा फ्लेक्स पाहावा. तिथे महाराज सहा फुटांचे, दंड मांडीएवढे. प्रतापगड आपल्याच जिल्ह्यात आहे. १६५९ साली त्या गडाखाली जे घडलं त्याचा सारा थरार हा बेताच्या उंचीच्या माणसानं धिप्पाड माणसाला कसं तोंड दिलं, यात आहे. चित्रकारानं दोघांनाही धिप्पाड केलं तर गोष्टीतलं उरलं काय? २०१८ मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ हा पूर्ण लांबीचा मराठी अॅनिमेशनपट आला. त्यामागची उमेद मोठी होती. यापुढे असा कुणी चित्रपट काढेल, त्यानं त्या पाद्र्याचं वर्णन भिंतीवर टाचून ठेवावं.

मुलींसाठी तर आपल्याकडे सध्या सुगी आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. या शर्यतीत २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. असं धावणारं अंग काटक, सुकं, उन्हानं रापलेलं असतं. नेमकं जे पाहून पाहुणे ‘वाळलीस गं’ म्हणतात. साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. मेरिडाच्या हातचं धनुष्य काढून घेणाऱ्यांना हे कळवायला हवं. तुंगची प्रतीक्षा बागडी मार्च २०२३ मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. मुलग्यांपैकी सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक घेऊन आला, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साडेचार पट, दोन प्रकारांत मिळून. या चौघांची शरीरं एकमेकांशी जुळत नाहीत. चौघांना एका चित्रात काढायला सांगितलं तर चार वेगवेगळे बाह्याकार काढावे लागतील, आणि सावलीतही कोण कोण ते ओळखू येईल. चित्रकाराला यापेक्षा चांगलं काय हवं?

इथे थांबलं तर मात्र एक लबाडी होईल. पदक मिळवणारं अंग आपण माफ करतो, मिळवलं नाही तर तेच अंग पुन्हा चेष्टेला मोकळं. ‘कुंग फू पांडा’तला पो लठ्ठ आहे आणि वीरही आहे, पण वीर झाल्याशिवाय त्याला सुटका नाही. ‘एन्कांटो’तली दणकट लुइसा मला फार आवडते, तीही घराचा सगळा भार उचलते म्हणूनच घरात मोलाची, आणि चित्रपटाचं शहाणपण असं की हाच तिचा त्रास म्हणून तो दाखवतो. जे मूल जाड आहे, सावळं आहे, ठेंगणं आहे आणि शर्यतीत शेवटून दुसरं येतं, त्याला पडद्यावर जागा कुठली? त्याला गुंड व्हायचं नाही, विदूषक व्हायचं नाही आणि जगज्जेताही व्हायचं नाही. मला वाटतं, आपल्या देशात या प्रश्नाचं चांगलं उत्तर एकदा दिलं गेलं होतं: १९७४ चं ‘एक, अनेक और एकता’. विजया मुळे या मराठी बाईंच्या पुढाकारानं झालेलं आणि भीमसेन यांनी चित्रित केलेलं ते छोटं कार्टून दूरदर्शनवर वर्षानुवर्षं दाखवलं जाई. त्यात बागेतली मुलं आहेत, साधी. कुणाच्या अंगावर विनोद नाही, कुणाच्या अंगाचं कौतुकही नाही. मुलं आहेत म्हणून आहेत. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहिताना शब्दांत हेच केलं, आणि ते स्वतः चित्रकारही होते. माणसाचं नाक, पाठ, चाल ते बारकाईनं सांगतात, पण त्यावरून त्याला गुण देत नाहीत. अशा नजरेनं काढलेलं माणदेशातल्या एका शाळेचं कार्टून मला पाहायला आवडेल. त्यात कुणी जिंकलं नाही तरी चालेल.

या पुस्तकात मालिकांवर बंदी घाला असं कुठेही म्हटलेलं नाही. कार्टून मला आवडतात, जियानचं गाणंही आवडतं. पुढच्या प्रकरणांतले प्रश्न मुलांना परीक्षेसारखे विचारू नयेत. कार्टून संपल्यावर ‘कालिया भीमाचा मित्र झाला तर काय होईल?’ एवढं विचारून गप्प बसावं, मुलं बोलू लागतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी स्मरणचित्रासाठी वर्गातल्या एकाच मुलाला आदर्श म्हणून उभं करू नये. गावातले वेगवेगळे लोक बोलवावेत, आणि त्यात एक तरी म्हातारी असावी.

शाळांना एक विनंती आहे. दरवर्षी मुलांची उंची आणि वजन घेऊन प्रगतिपुस्तकात लिहिलं जातं. ते घ्यावं, त्याचा उपयोग आहे, कुपोषण त्यातूनच कळतं. पण काटा वर्गात ठेवून, नाव पुकारून, आकडा मोठ्यानं वाचू नका. काटा दुसऱ्या खोलीत ठेवा, एकेकाला आत बोलवा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. यासाठी अनुदान लागत नाही, परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. येत्या जूनपासून सुरू करता येईल.